बँडवर ‘लिड’ म्हणाले, तर काय समजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स नुकतंच आलं, कॉलसाइन (हवेतलं ओळखचिन्ह) व्हीयू३चं. सकाळी चाळीस मीटरच्या बँडवर (त्या लहरलांबीच्या पट्ट्यात) कॉल दिलात, तर कुणीतरी ‘लिड’ म्हणून मोकळा झाला. मग क्लबात एकाने तुमचा नवाकोरा रिग (रेडिओ संच) बघून ‘अप्लायन्स ऑपरेटर’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘मोर्स येत नाही तो कसला हॅम’ असं सुनावलं. हॅम मंडळी एकमेकांना फार मान देतात असं ऐकून तुम्ही या छंदात आलात, आणि आता विचारताय की या शिव्या आहेत की थट्टा.

माझं मत असं, की पहिला शब्द ऐकून घ्या आणि उरलेले दोन सोडून द्या. पहिला शब्द तुम्ही बँडवर काय केलंत त्याबद्दल आहे. बाकीचे दोन तुम्ही कुठल्या दारानं आत आलात, एवढंच सांगतात.

माझं लायसन्स नव्वदच्या दशकातलं. तेव्हा ग्रेड टूला मिनिटाला ५ शब्दांचा मोर्स (टिपका-रेघांची तारभाषा) लागायचा आणि ग्रेड वनला १२. आम्ही ५५५ आयसीचा ऑसिलेटर जोडून घरच्यांचं डोकं उठवत शिकलो. तेव्हा मी ‘जुन्यां’पैकीच आहे, आणि पुढे जुन्यांबद्दल जे लिहिते ते घरातलंच बोलणं समजा.

‘लिड’ हा तारयंत्राच्या काळापासूनचा शब्द. ज्याचा हात वाईट, ज्याला ऐकायचं भान नाही, तो लिड. ‘हॅम’ हीसुद्धा मुळात तीच शिवी होती बरं का. अमेरिकेतले पगारी तारबाबू अडाणी हाताच्या ऑपरेटरला हॅम म्हणायचे. पुढे रेडिओवाल्या हौशींनी ती उचलली आणि अभिमानाने मिरवली. लिड मात्र कुणी मिरवत नाही. फार तर एखादा मुरलेला ऑपरेटर चुकून दुसऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर ट्यून करतो आणि स्वतःलाच हसत ‘लिड’ म्हणतो.

आता तुमच्या बाबतीत काय झालं असावं ते सांगते. तुम्ही लिहिलंय की फ्रिक्वेन्सी मोकळी वाटली म्हणून कॉल दिला. एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांवर, ‘मोकळी वाटणं’ फार फसवं असतं. आयनोस्फिअरवरून परतणारी लहर कुठे उतरेल हे वेळेवर, बँडवर आणि अंतरावर ठरतं. नागपूरचा माणूस गोव्याच्या माणसाशी बोलत असेल आणि तुमच्या नाशिकमध्ये त्यातला एकच ऐकू येत असेल, हे रोजचं आहे. जो ऐकू येतो तो नेमका त्या वेळी ऐकत बसलेला असला, तर तुम्हाला नुसती सळसळ मिळणार. म्हणून रीत अशी, की मिनिटभर ऐकायचं, मग ‘ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का’ असं आपल्या कॉलसाइनसकट विचारायचं, थांबायचं, पुन्हा एकदा विचारायचं, आणि मगच सीक्यू, म्हणजे ‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक. सकाळचं नेट (ठरलेल्या वेळी हवेत भरणारी बैठक) चालू असेल तर ते चालवणारा नेट कंट्रोल चेक-इन, म्हणजे हजेरी, मागेपर्यंत गप्प बसायचं. तातडीचं काही असेल तर दोन बोलण्यांमधल्या फटीत फक्त कॉलसाइन टाकायचं. तुम्ही हे केलं नसेल, तर त्या माणसाचा राग बरोबर होता, शब्द तेवढा चुकीच्या पद्धतीने आला.

कारण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे त्याने कॉलसाइन दिलं नाही. नुसतं ‘लिड’ टाकलं आणि गायब झाला. कॉलसाइन न देता प्रसारण करणं नियमाबाहेर आहे. शिकवायचं असतं तर ‘ओएम (मित्रा), फ्रिक्वेन्सी चालू आहे, पाच किलोहर्ट्झ वरच्या बाजूला जा’ एवढं स्वतःच्या कॉलसाइनने सांगता आलं असतं. म्हणजे त्या क्षणी बँडवर लिड दोन होते, आणि दुसरा अनुभवी होता.

या दुसऱ्या जातीला हॅम जगात ‘पोलीस’ म्हणतात. त्यांची खरी जत्रा बघायची असेल तर एखाद्या दुर्मिळ ठिकाणच्या स्टेशनचा पाइलअप, म्हणजे त्याला एकदम हाका मारणारी झुंबड, ऐका. ते स्टेशन १४.१९५ मेगाहर्ट्झवर बोलतं आणि सांगतं की मी त्याच्या पाच ते दहा किलोहर्ट्झ वरच्या बाजूला ऐकतोय. यालाच स्प्लिट म्हणतात. हेतू सरळ आहे. हाक मारणारे शेकडो लोक त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर ओरडले, तर तो काय बोलतोय हे कुणालाच कळणार नाही. तरी एखादा नवखा रिगचं स्प्लिटचं बटण दाबायला विसरतो आणि थेट त्याच्या डोक्यावरच कॉल देतो. हा अपराध दोन सेकंदांचा. मग पंधरा पोलीस ‘अप, अप, लिड, अप’ असा गिल्ला करतात आणि त्यात त्या स्टेशनची पुढची दोन-तीन उत्तरं बुडतात. पुढे पोलिसांना गप्प करायला आणखी चार पोलीस येतात. म्हणून डीएक्सवाल्यांच्या (दूरची स्टेशनं गाठायची हौस असणाऱ्यांच्या) आचारसंहितेत स्पष्ट सल्ला आहे, की गोंधळ घालणाऱ्याला प्रत्युत्तर देऊ नका. मी असल्या वेळी हेडफोन काढून चहा टाकते. पाइलअप दुसऱ्या दिवशीही असतो.

स्वतःच्याच लोकांना टोचून बोलायची ही खोड जुनी आहे, आणि तिची सुरुवात मोठी गमतीची आहे. अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था १९१४ साली स्थापन करणाऱ्यांपैकी एक हायरम पर्सी मॅक्सिम. हा माणूस संस्थेच्या ‘क्यूएसटी’ मासिकात ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने, बँडवर कसा सगळा सडका गोंधळ चाललाय यावर खवचट लेख लिहायचा. त्या लेखांत ‘वूफ हाँग’ नावाच्या एका भयानक हत्याराचा उल्लेख यायचा. वाईट ऑपरेटरना वठणीवर आणायचं हत्यार, पण ते नेमकं काय आणि कसं वापरायचं हे कधीच सांगितलेलं नसायचं. पुढे त्याने लाकडाचे दोन तुकडे जोडलेली एक चमत्कारिक वस्तू ‘हाच तो वूफ हाँग’ म्हणून संस्थेकडे खरोखर पाठवून दिली! कनेटिकटमधल्या न्यूइंग्टनला संस्थेच्या मुख्यालयात ती अजून जपून ठेवलेली आहे. १९३६ साली मॅक्सिम वारला, तोपर्यंत हा ‘ओल्ड मॅन’ म्हणजे आपला अध्यक्षच, हे बहुतेक वाचकांना माहीत नव्हतं.

मला यातलं आवडतं ते असं, की मॅक्सिमच्या टोमण्यांत कुणाचं नाव नसे, कुणाच्या लायसन्सचा दर्जा नसे, कुणाच्या खिशाची ऐपत नसे. चूक होती ती वागण्यातली, आणि वागणं उद्या सकाळी बदलता येतं. ‘ॲलिगेटर’ हा शब्द त्याच घराण्यातला: तोंड मोठं, कान लहान. पॉवर भरपूर, पण समोरच्याचं ऐकूच येत नाही अशा स्टेशनला तो लावतात, रिपीटरलासुद्धा (म्हणजे आलेला सिग्नल पुढे फेकणाऱ्या स्टेशनला). किंवा ‘करचंकर’, म्हणजे काही न बोलता नुसतं पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून रिपीटर उठतो का बघणारा. असले शब्द मला चालतात. ज्याला लागतात त्याला काय सुधारायचं ते लगेच कळतं.

उरलेल्या दोन शब्दांचं घराणं वेगळं.

‘मोर्स येत नाही तो कसला हॅम’ हे वाक्य मी मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत ऐकलंय, आणि दर वेळी मला आमच्या घरातले ‘आमची जुनी अकरावी मॅट्रिक’वाले आजोबा आठवलेत. परीक्षा सोपी झाली, आता काय राम राहिला नाही, हा तो सूर. अमेरिकेत १९९१ साली मोर्सशिवाय मिळणारं टेक्निशियन लायसन्स आलं, तेव्हा त्या लोकांना ‘नो-कोड’ हे नाव पडलंच, वर ‘सीबी प्लस’ असंही हिणवलं गेलं (सीबी म्हणजे परीक्षेशिवाय वापरता येणारा सिटिझन्स बँड). २००० साली तिथे सगळ्यांत वरच्या एक्स्ट्रा वर्गाची मोर्सची अट मिनिटाला २० शब्दांवरून ५ वर आली, तेव्हा नव्यांना ‘एक्स्ट्रा लाइट’ म्हणू लागले. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्तीच गेली आणि फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत मोर्सची परीक्षा पूर्ण बंद झाली. प्रत्येक टप्प्यावर ‘आता हा छंद मेला’ असं म्हणणारे होते. मोर्स मात्र मेला नाही. कुठल्याही मोठ्या स्पर्धेच्या शनिवारी वीस मीटरचा खालचा भाग ऐका, पाय ठेवायला जागा नसते. सक्ती गेल्यावर ज्यांना खरंच आवडतं ते हौसेने शिकू लागले, एवढंच झालं.

आपल्याकडे जनरल ग्रेडला अजूनही मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स आहे आणि रिस्ट्रिक्टेडला नाही. जनरलला व्हीयू२, रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३. त्यामुळे नाव सांगण्याआधीच तुमची पायरी बोलणाऱ्याला कळते, आणि काही मंडळींच्या आवाजात तेवढ्यानेच फरक पडतो. तो मलाही ऐकू येतो. पण व्हीयू३ म्हणजे कच्चं लायसन्स नव्हे. एचएफवर ५० वॅट मिळतात. मी स्वतः बहुतेक वेळ त्याहून कमी पॉवरवर असते आणि जपानपर्यंत जाते. मोर्स शिका असं मी तुम्हाला जरूर सांगेन. अगदी थोड्या पॉवरवर आणि चिंचोळ्या जागेत काम होतं, गोंगाटात आवाज बुडतो तिथे टिपका-रेघ निघते, आणि त्यात स्वतःची एक मजा आहे. पण कुणी हिणवतो म्हणून शिकू नका.

‘अप्लायन्स ऑपरेटर’ म्हणजे बाजारातून तयार रिग आणून, मिक्सर लावावा तसा प्लग लावून बोलणारा. हे म्हणणारे स्वतः होमब्रूवाले (घरीच संच बनवणारे) असतील तर त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आपल्याकडे परदेशी रिग परवडत नव्हता आणि मिळतही नव्हता, तेव्हा लोकांनी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून एकेक भाग गोळा करून ट्रान्समीटर उभे केले. हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांचा बिटेक्स हा घरी बनवायचा संच याच गरजेतून आला. आयात केलेले टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या कड्या) मिळत नाहीत, तर पाण्याच्या नळाच्या प्लॅस्टिक वॉशरवर कॉइल गुंडाळा! ते डिझाइन त्यांनी जगाला खुलं केलं आणि परदेशातल्या लोकांनीही हौसेने बनवलं. अशा माणसाने मला अप्लायन्स ऑपरेटर म्हटलं तर मी मान खाली घालेन. गंमत अशी, की तो म्हणत नाही. म्हणतो तो, ज्याच्या टेबलावर दोन जपानी रिग आहेत आणि ज्याने गेल्या काही वर्षांत सोल्डरिंग आयर्न गरम केलेलं नाही. एके काळी अमेरिकेत जपानी रिगना ‘राइस बॉक्स’ म्हणायचे, ज्यातला वंशद्वेष लपत नाही. आज त्याच लोकांच्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) यासू, आयकॉम, केनवूड यांशिवाय फारसं काही सापडत नाही. आता तो मान बाओफेंगसारख्या चिनी हँडहेल्डला, म्हणजे हातात धरायच्या सेटला, मिळालाय. बाओफेंगचं स्प्युरियस उत्सर्जन (नको त्या फ्रिक्वेन्सीवर जाणारा सिग्नल) वाईट असू शकतं, ही तांत्रिक तक्रार रास्त आहे आणि ती जरूर करावी. ‘बाओफेंगवाला’ ही तक्रार नव्हे, ते खिसा तपासणं झालं.

असंच एफटी८ चं. २०१७ साली हा डिजिटल मोड आला. पंधरा सेकंदांची पाळी, सुमारे ५० हर्ट्झची जागा, आणि कानाला ऐकूही न येणारा सिग्नल वाचला जातो. लगेच सुरू झालं: ‘हे तर संगणक एकमेकांशी बोलतायत, हे कसले हॅम!’ तो मोड बनवणाऱ्या दोघांपैकी एक जोसेफ टेलर, कॉलसाइन के१जेटी, १९९३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. जोडतारा पल्सारच्या शोधासाठी ते मिळालं. शाळकरी वयापासून हॅम असलेल्या माणसाने क्षीण सिग्नल कसा उचलायचा याचा आयुष्यभराचा अभ्यास आपल्याला फुकट दिला, आणि आपण त्याला ‘खरा रेडिओ’ समजावतोय. मला स्वतःला एफटी८ कंटाळवाणा वाटतो. गप्पा नाहीत त्यात. पण मला कंटाळा येतो, म्हणून समोरचा हॅम नाही, हे कसं?

मानाचं म्हणाल, तर तोही शब्दांतच भरलेला आहे, फक्त त्याचा आवाज मोठा नसतो. बँडवर प्रत्येक पुरुष ‘ओएम’, म्हणजे ओल्ड मॅन. कंपनीचा संचालक, रिक्षाचालक, निवृत्त कर्नल, सगळे ओएम. आपल्याकडे वयाच्या बाराव्या वर्षी लायसन्स मिळतं, तेव्हा बारा वर्षांचा मुलगाही ओएम. आपल्या मराठीत माणूस भेटला की आधी साहेब की सर, दादा की काका, तू की तुम्ही, हा हिशेब चालतो. मराठी बोलणाऱ्या आमच्या गटात एक अलिखित रीत आहे: हवेत सगळ्यांना ‘तुम्ही’. आठवीतल्या पोरालाही ‘तुमचा सिग्नल थोडा तुटतोय’. बाहेर चहाच्या टपरीवर भेटलो की तो ‘अरे’ आणि मी ‘काकू’. पण माईक हातात असताना नाही.

बायकांना मात्र ओएम चालत नाही, म्हणून आम्ही ‘वायएल’, यंग लेडी. माझं वय कितीही वाढलं तरी मी वायएलच राहणार, याबद्दल माझी तक्रार नाही. ‘एक्सवायएल’बद्दल आहे. म्हणजे बायको, शब्दशः ‘माजी तरुणी’. नवरा लायसन्स नसलेला आणि मी लायसन्सवाली, तरी मला ‘एक्सवायएल का?’ असं विचारणारे भेटतात. बाईचा आवाज ऐकला की पाइलअपमध्ये उत्तर लवकर मिळतं, हे खरं. त्यानंतर अँटेना कशी बांधायची यावर न मागितलेलं व्याख्यानही मिळतं, हेही खरं. आपल्या देशातली सगळ्यांत गाजलेली मोहीम एका वायएलने नेली होती, हे अशा वेळी मला सांगावंसं वाटतं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर होत्या. कित्येक वर्षं अंदमान हवेत नव्हतं, त्यामुळे जगभरातले लोक त्यांच्या पाइलअपमध्ये एकमेकांवर ओरडत होते. २६ तारखेला सकाळी त्सुनामी आली आणि त्याच अँटेनावरून बेपत्ता माणसांची चौकशी आणि खुशालीचे निरोप जाऊ लागले. पलीकडे निरोप लिहून घेणारा कुठल्या ग्रेडचा आहे, हे कोण विचारणार?

नव्याला हात धरून शिकवणाऱ्याला आपल्यात ‘एल्मर’ म्हणतात. हे एका खऱ्या माणसाचं नाव आहे. १९७१ साली ‘क्यूएसटी’मधल्या एका स्तंभात रॉड न्यूकर्कने शिकागोकडच्या एल्मर फ्रोहार्ट या हॅमचं कौतुक केलं, आणि नाव सामान्यनाम होऊन बसलं. तुम्हाला एल्मर हवाय, पोलीस नकोत. क्लबात जो सगळ्यांत कमी बोलतो आणि ज्याच्या लॉगबुकात अक्षर नीट असतं, त्याच्याशेजारी बसा. माझा अनुभव तसा आहे.

आता उद्या सकाळी काय करायचं. कॉलसाइन न देणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, ‘मी लिड नाही’ असं तर मुळीच नाही. नेट सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं ऐका आणि कोण कोणाला ऐकू येत नाही ते कागदावर टिपा. चेक-इन मागितलं की कॉलसाइन एकदाच, फोनेटिकमध्ये (अल्फा, ब्राव्हो असं), सावकाश. नंबर आला की नाव, गाव आणि खरा सिग्नल रिपोर्ट द्या. आपल्याकडे सवयीने सगळ्यांना ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे स्वच्छ आणि जोरदार सिग्नलचा रिपोर्ट, वाटतात आणि लगेच विचारतात, ‘ओएम, नाव पुन्हा सांगा’. तुम्ही ‘फोर थ्री’ असेल तर ‘फोर थ्री’च सांगा, समोरच्याला अँटेना तपासायला उपयोग होतो. मध्ये एखादं क्षीण स्टेशन ब्रेक मागताना तुम्हाला ऐकू आलं आणि नेट कंट्रोलला नाही आलं, तर तेवढं कळवा. दोन-तीनदा असा रिले केलात की तुमचं व्हीयू३ कुणाच्या लक्षातही राहणार नाही. ‘ते नाशिकचे, ज्यांना ऐकू येतं ते’ अशी ओळख होईल.

डायपोल (मधून जोडलेली दोन हातांची तारेची अँटेना) घराच्या गच्चीवर बसत नाही हे तुम्ही शेवटी लिहिलंय. चाळीस मीटरचा हाफ-वेव्ह साधारण २० मीटर लांब होतो, पण तो सरळच बांधायला हवा असं नाही, मधला भाग उंच ठेवून दोन्ही टोकं खाली उतरवता येतात. गच्चीची मापं टाकून वेगळा प्रश्न विचारा, तिथे सविस्तर लिहिते. सेव्हन्टी थ्री, म्हणजे शुभेच्छा.